लिंगोचं जंतूर

भाताचं उभं शेत रोह्यांच्या कळपानं खाऊन टाकलं. लिंगो आणि त्याचे चार भाऊ कळपाच्या मागावर गेले, त्यातले रोही मारले, सरपण गोळा केलं, मांस कापायला घेतलं. आणि तेव्हा लक्षात आलं की विस्तवच नाही. चकमक झाडली. ठिणगी पडेना. पुन्हा झाडली, तरी पडेना. कच्चं मांस पुढ्यात आणि पोटं भुकेली.

गोंडांच्या लिंगो-गाथेतला हा प्रसंग. एवढ्या अडचणीवरून गाथा थेट तंतुवाद्याच्या जन्माकडे वळते. वाद्यांच्या उगमाच्या कथा आपण पुष्कळ ऐकलेल्या असतात. वीणा सरस्वतीच्या मांडीवर आधीपासून असतेच. रुद्रवीणा शंकराला पार्वतीच्या निद्रिस्त रूपावरून सुचली असं सांगतात. चीनमध्ये गुचिन हे सात तारांचं प्राचीन वाद्य फूशी नावाच्या आदिपुरुषानं घडवलं अशी समजूत आहे, आणि त्याच फूशीच्या नावावर मासेमारीची जाळी आणि भविष्य पाहायच्या रेषाही जमा आहेत. या साऱ्या कथांत वाद्य वरून खाली येतं. लिंगोचं जंतूर मात्र स्वयंपाक अडला म्हणून झालं. या गाथेवर मी लुब्ध आहे त्याचं पहिलं कारण हेच.

गाथा आपल्यापर्यंत आली ती नागपूरमार्गे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 पासून नागपुरात होते. दगड, जीवाश्म, शिलावर्तुळं, आदिवासींच्या भाषा या सगळ्याचं त्यांना वेड. एका परधान, म्हणजे गोंडांच्या कुळकथा गाणाऱ्या जमातीतल्या, गायकाच्या तोंडून ही गोंडी गाथा त्यांनी उतरवून घेतली. सप्टेंबर 1863 मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना नाल्याच्या पुरात ते बुडाले, आणि टिपणं तशीच राहिली. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी ती 1866 मध्ये छापली. गोंडी मजकूर रोमन अक्षरांत, सोबत शब्दाला शब्द लावलेलं इंग्रजी. पुढे 1871 मध्ये कॅप्टन फोर्साइथ यांच्या मध्य भारतातल्या डोंगररानांवरच्या पुस्तकात तिचं इंग्रजी पद्यही आलं. ते वाचायला गुळगुळीत आहे आणि म्हणूनच मला फारसं आवडत नाही. हिस्लॉपच्या मजकुरात जो ओबडधोबडपणा आहे, तीच तीच क्रिया तीनदा सांगण्याची जी सवय आहे, त्यात गाणाऱ्या माणसाचा श्वास ऐकू येतो. पाठ करून, रात्रभर, समोर बसलेल्यांच्या झोपेशी झगडत गायची ही चीज आहे. तिला गुळगुळीत करून चालत नाही.

गाथेचे पाच भाग. पहिल्यात गोंडांची उत्पत्ती आणि त्यांचं गुहेत कोंडलं जाणं, दुसऱ्यात लिंगोचा जन्म, कर्तृत्व आणि मरण, तिसऱ्यात तो पुन्हा उठतो आणि गोंडांना सोडवतो, चौथ्यात कुळं आणि देव ठरतात, पाचव्यात लग्नाची रीत. कोंडण्याचं कारण तर भलतंच मजेदार आहे: महादेवाला गोंडांच्या अंगाचा वास सहन होत नाही. आणि ते कोंडले गेल्यावर पार्वतीला चुकल्याचुकल्यासारखं होतं, कारण तिला तो वास आवडायचा. देवाच्या घरात नवरा-बायकोचं एका माणसाबद्दल असं मत फुटावं आणि तेही वासावरून, हे गाणाऱ्याला सुचलं तेव्हा ऐकणारे नक्की खदखदून हसले असणार. महादेव-पार्वतीची ही पात्रं मागाहून शिरली, मूळची ती नव्हेत, असं गोंड अभ्यासकांचं म्हणणं आहे, आणि ते दुर्लक्षिण्यासारखं नाही. पण ज्यानं ती शिरू दिली त्यानं त्यांना आपल्या पंगतीला बसवूनच शिरू दिलं, हेही तितकंच खरं.

आता विस्तव. दूरवर धूर दिसतो. तो रिकाड गवाडी नावाच्या म्हाताऱ्या राक्षसाच्या शेतातला. लिंगो भावांतल्या धाकट्याला पाठवतो. राक्षस शेकोटीशेजारी घोरत पडलेला, आणि शेकोटीत मोह, अंजन, साजा यांचे ओंडके धगधगत असतात. साजा म्हणजे आपला ऐन. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात राहणाऱ्याला ही नावं वाचताना वेगळी टीप लागत नाही. गडचिरोली जिल्ह्याचा जवळजवळ पाऊण भाग आजही रान आहे, आणि त्या रानातलं कोणतं लाकूड कसं जळतं हे तिथल्या घरात लहानपणीच कळतं. धाकटा दबकत जातो, जळतं कोलीत ओढतो, आणि टेंभुर्णीची ठिणगी उडून राक्षसाच्या अंगावर पडते. ठिणगी टेंभुर्णीचीच का? कारण टेंभुर्णी तडतडते. तिचं सरपण चुलीत घातलं की ठिणग्या उडतात आणि म्हातारी माणसं पोरांना मागे सरकायला सांगतात. गाथेनं अगदी अचूक लाकूड निवडलं आहे. हे रूपक नव्हे; जंगलातल्या माणसानं जंगलातल्या माणसांसमोर सांगितलेली गोष्ट आहे, म्हणून चूक चालणार नव्हती. राक्षस जागा होतो, समोर कोवळ्या काकडीसारखा पोरगा पाहून त्याच्या तोंडाला पाणी सुटतं, आणि पोरगा कोलीत टाकून पळत सुटतो.

चोरी फसली. आता लिंगो स्वतः निघतो, आणि निघतो तो शस्त्र न घेता. वाटेत त्याला भोपळा मिळतो, बांबू मिळतो. बांबूला भोपळा जोडतो, डोक्यावरचे केस उपटून तारा करतो, खुंट्या बसवतो, गज करतो, सूर लावून पाहतो. झालं जंतूर. इथे गाथा रेंगाळते, आणि रेंगाळते ती कारागिराच्या क्रमानं: आधी काय, मग काय, मग कुठे काय खोचलं. या ओळींत भक्ती नाही, चमत्कार नाही, विशेषणं जवळजवळ नाहीत. एखादा माणूस ओट्यावर बसून किकरी, म्हणजे परधानांचं गजानं वाजवायचं तंतुवाद्य, दुरुस्त करताना बोलत जावं तसा मजकूर आहे. एकच गोष्ट रानाबाहेरची आहे, ती म्हणजे केस. बाकी सगळं वाटेवर पडलेलं. तारा मात्र स्वतःच्या डोक्यातून काढलेल्या. गाणारा त्यावर थांबत नाही. थांबला असता तर त्याचं ‘प्रतीक’ झालं असतं. तो पुढे जातो आणि ऐकणाऱ्याच्या टाळूला बारीक झिणझिणी तेवढी येते.

उत्तरेकडच्या मंडला-दिंडोरीच्या परधानांकडे वाद्याच्या जन्माची वेगळी कथा आहे. सात गोंड भाऊ. बडादेव साजाच्या झाडात अदृश्य होतो. त्याला परत आळवायला धाकटा भाऊ बाना नावाचं वाद्य करतो आणि वाजवतो. तो धाकटा म्हणजे परधानांचा पूर्वज. तिथे बाना हाच देव, वाजवण्याआधी त्याला नमन. लिंगोचं जंतूर त्या मानानं अगदी संसारी. पण दोन्ही कथांत एक खूण समान आहे: वाद्य होतं ते कुणाला तरी उठवायला. एका ठिकाणी झाडात लपलेला देव, दुसऱ्या ठिकाणी घोरणारा राक्षस.

लिंगो राक्षसाच्या शेताशेजारच्या झाडावर चढतो आणि वाजवू लागतो. झाडं गप्प होतात, डोंगर गप्प होतात. इथे शिकलेल्या वाचकाला लगेच ग्रीकांचा ऑर्फियस आठवेल, किंवा कृष्णाची मुरली आणि चित्रासारख्या उभ्या राहिलेल्या गाई. मला ती आठवण वाटेत येणारी वाटते. त्या दोन्ही कथांत संगीत ऐकून जग स्तब्ध होतं आणि तिथेच संगीताची कमाल मानली जाते. लिंगोच्या गाथेत झाडांची स्तब्धता एका ओळीत उरकते, कारण गाणाऱ्याला पुढे जायची घाई आहे. पुढे आहे राक्षसाचा नाच.

हा राक्षस उघड्या तोंडानं झोपलेला. सूर कानात शिरतात, तो जागा होतो, डोळे फिरवतो, आवाज कुठून येतो ते त्याला कळत नाही. आपल्या रानात ही मैना कुठून आली, असं त्याला वाटतं. मग तो उठतो, आणि त्याचे पाय थांबत नाहीत. शेतात लोळतो, उठतो, नाचतो. घरात असलेल्या म्हातारीच्या कानावर सूर जातात. ती शेताकडे येते, पाहते तर म्हातारा नाचतोय. तिचेही हातपाय हलू लागतात, मान डोलू लागते, आणि दोघं म्हातारा-म्हातारी रानात फेर धरतात. आतापर्यंत जो माणसं खाणारा अक्राळविक्राळ होता तो एका क्षणात कुणाचा तरी आजोबा होऊन जातो, गुडघे दुखत असूनही वरातीत पुढे घुसणारा. भीती संपते ती कुणी मेल्यानं नाही, कुणी हसल्यानं.

हे सगळं कोण सांगतंय, ते विसरता कामा नये. छापील पानावर एक अनामिक निवेदक आहे. खऱ्या बैठकीत हातात वाद्य घेतलेला परधान आहे. तो गातो की लिंगोनं गज ओढला, आणि त्याच क्षणी स्वतःचा गज ओढतो. ऐकणारा गोंड यजमान काय ऐकतो? गोष्टीतलं जंतूर आणि समोरची किकरी यांत त्या क्षणी फरक राहत नाही. ‘म्हातारा नाचू लागला’ या शब्दांवर अंगणातलं कुणी ना कुणी उठलंच असेल, असा माझा अंदाज आहे. हा सारा प्रसंग म्हणजे परधानानं आपल्या हातातल्या वाद्याची स्वतःच सांगितलेली सनद आहे: हे वाद्य नसतं तर तुमच्या पूर्वजांच्या चुलीत विस्तव आला नसता, आणि घरात बायका आल्या नसत्या.

बायका येतात त्या मामा या एका हाकेमुळे. नाच आवरल्यावर लिंगो झाडावरून राक्षसाला हाक मारतो आणि जोहार करतो, ती मामा म्हणून. राक्षस त्याला भाचा म्हणतो. मग लिंगोची तक्रार येते, तीही नातेवाइकाच्या सुरात: माझा धाकटा भाऊ विस्तव मागायला आला होता, तू त्याला खायला धावलास, खाल्ला असतास तर तो मला पुन्हा कुठे भेटला असता? राक्षस कबूल करतो, चुकलं, झालं गेलं. मराठी वाचकाला ‘मामा’ या हाकेतली खुबी उलगडून सांगायची गरज नाही. मामा म्हटलं की मामाच्या मुली आल्या. रिकाड गवाडीला सात मुली आहेत. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क ही चाल गोंडांतही आहे आणि आपल्याकडच्या अनेक जातींतही. लिंगोनं वाद्यानं दार उघडलं, पण आत पाऊल टाकलं ते नात्यानं. नुसता नाच झाला असता तर विस्तव मिळाला असता आणि दुसऱ्या दिवशी राक्षस पुन्हा राक्षस झाला असता. गाथेला संगीताच्या ताकदीची मर्यादा माहीत आहे. म्हणून संगीतानं राक्षस मऊ झाला की ती लगेच सोयरीक जुळवून टाकते.

सात मुलींची वाटणी होते तीही हिशेबी: तिघा मोठ्यांना दोन-दोन, धाकट्याला एक. लिंगो स्वतः लग्न करत नाही. आणि इथून गाथा काळी होते. लिंगो झोपाळ्यावर झोपलेला असताना सातही जणी त्याला मोहात पाडायचा प्रयत्न करतात. तो चिडून मुसळानं त्यांना मारून पिटाळतो. त्या नवऱ्यांकडे जाऊन उलटी तक्रार करतात. भाऊ लिंगोला ठार मारतात, त्याचे डोळे काढतात आणि त्यांच्या गोट्या करून खेळतात.

हे वाचताना मी दरवेळी अडखळतो, आणि या गाथेला मी थोर म्हणतो ते या जागेसाठी. नुकतंच ज्यानं माणसं खाणाऱ्याला नाचायला लावलं त्याला सख्खे म्हणवणारे भाऊ मारतात. जंतूर कुठे आहे? या प्रसंगात ते कामी येत नाही. कुणी सूर लावत नाही, कुणाला पूर्वीचा नाच आठवत नाही. परक्याला मामा करणारं वाद्य घरातल्या संशयापुढे मुकं राहतं. वाद्याची सनद म्हणून ही गाथा रचली असती तर परधानाला इथे सोयीचं होतं: लिंगोनं पुन्हा जंतूर छेडलं, भाऊ शुद्धीवर आले, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. त्यानं तसं केलं नाही. आपल्याच कलेची शेखी मिरवताना तिच्या अपयशाची जागा त्यानं झाकली नाही. पुढे लिंगो जिवंत होतो तो देवाच्या हुकमानं, कावळ्यानं आणलेल्या अमृतानं; आणि गुहेवरचा दगड हटतो तो बिंदो पक्ष्याच्या पिलांना वाचवल्याच्या उपकारानं. वाद्याला श्रेय एकाच प्रसंगाचं. पण तो प्रसंग गाथेतला सगळ्यात आनंदी.

या परधानाची स्वतःची स्थिती पाहिली की डोळ्यांच्या गोट्यांचा अर्थ आणखी बोचतो. कथेत तो गोंडाचा धाकटा भाऊ. व्यवहारात गोंड त्याच्या हातचं खात नाही. 1916 सालच्या रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या ग्रंथात हे नोंदलेलं आहे. तरी देव जागवायला तोच हवा, कुळाची वंशावळ त्यालाच पाठ, मेलेल्याचं नाव पूर्वजांत नेऊन ठेवायलाही तोच. धाकट्या भावाला पंगतीबाहेर बसवून त्याच्याच तोंडून भाऊबंदकीची गोष्ट ऐकायची, असा हा रात्रीचा कार्यक्रम. भावांनी लिंगोला मारल्याचं गाताना परधानाच्या मनात काय येत असेल, हा प्रश्न मला रसिकाच्या प्रश्नांतला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

चांद्याचं गोंड राज्य 1751 मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेलं. चंद्रपूरचा परकोट, पठाणपुरा आणि जटपुरा दरवाजांवरचे हत्तीला दाबणारे सिंह, राणी हिराईनं बांधवलेली बीरशहाची समाधी, हे दगडातलं उरलं. राजाश्रयावर जगणारी कला असती तर ती त्या सालीच आटली असती. पण परधानाचा यजमान राजा नव्हता, कुळ होतं. चार देवांचं, पाच देवांचं, सहा देवांचं, सात देवांचं कुळ जोवर आपले देव मोजत होतं तोवर किकरीला काम होतं.

1940 च्या दशकात ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात राजगोंडांत राहिले. त्यांचं पुस्तक 1948 मध्ये आलं. तेव्हाच्या आदिलाबादेत आपला राजुराही होता. तो 1956 नंतर नांदेडला आणि 1959 मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. त्यामुळे हाइमेनडॉर्फ ज्या परधानांबद्दल लिहितात ते आपल्याला परके नाहीत. तीन तारांची किकरी, लाकडी पोटावर ताणलेलं कातडं, केसांचा गज, जोडीला तोंडानं वाजवायची पेपरे आणि ढोल. आणि एक गोष्ट ते नोंदवतात ती मराठी वाचकानं लक्षपूर्वक वाचावी: या परधानांची घरातली बोली मराठी, पण देवाच्या कथा ते गातात गोंडीत.

म्हणजे आई पोराला हाक मारते मराठीत, बाजारात भाव होतो मराठीत, आणि गज हातात घेतला की तोंडून यजमानाची भाषा येते. गोंडीतली एक मोठी मौखिक रचना इथे सांभाळली ती मराठी बोलणाऱ्या माणसांनी. आपल्या वाङ्मयेतिहासांच्या पानांत या लोकांना जागा नाही. ते मराठीत रचत नव्हते म्हणून आपल्याला नको होते, आणि गोंड नव्हते म्हणून त्यांनाही पंगतीत नको होते. हिस्लॉपच्या पुस्तकातला अनामिक गायक घरी कोणती भाषा बोलत होता ते ठाऊक नाही. पण जंतुराच्या प्रसंगातली ती चतुर मामा-भाच्याची बोलाचाली मराठी कानाला इतकी घरची लागते, हा योगायोग असला तरी सुखद आहे.

छापील गाथेत नाही ते म्हणजे स्वर. हिस्लॉपनं शब्द उतरवले. सूर मात्र उतरवले नाहीत. गुचिनच्या बाबतीत याच्या अगदी उलट घडलं. यौलान नावाच्या रचनेचं सातव्या शतकातलं हस्तलिखित जपानमध्ये जपलं गेलं, आणि त्यात कोणतं बोट कोणत्या तारेवर कुठे ठेवायचं ते शब्दांत लिहिलं आहे. लय मात्र लिहिलेली नाही. गुआन पिंगहू या वादकानं विसाव्या शतकात त्यावरून ती रचना पुन्हा उभी केली. त्याच्याच हातची ‘लिऊश्वे’ ही गुचिन-रचना 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली, आणि 2003 मध्ये युनेस्कोनं गुचिनच्या कलेला मानवाच्या मौखिक वारशाचा मान दिला. त्या वाद्यामागे हजारो वर्षं लिहिणारा, वाचणारा, एकट्यानं खोलीत बसून वाजवणारा पंडितवर्ग होता. किकरीमागे लिहिणारं कुणी नव्हतं आणि एकट्यानं वाजवण्यात तिला अर्थही नव्हता. यजमान समोर नसेल तर वंशावळ कुणाला ऐकवायची? म्हणून तिची तुलना गुचिनशी केली की कीव करायचा मोह होतो, तो मी टाळतो. दोघींचं काम वेगळं. एकीनं स्वतःशी बोलायचं होतं, दुसरीनं जमावाला त्याचीच आठवण करून द्यायची होती.

किकरी मागे पडली याची कारणं साधी आहेत. यजमानाच्या दारी दान घ्यायला जाणं शिकलेल्या पोराला मागणं वाटू लागलं, आणि त्याला दोष देता येत नाही. तिकडे मंडला-दिंडोरीकडे एक वेगळीच वाट निघाली: पाटणगढचा परधान जनगढसिंह श्याम 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला भोपाळच्या भारत भवनात आला आणि जे बान्यावर गायलं जायचं ते रंगात उतरवू लागला. त्याची चित्रं जगभर गेली. 2001 मध्ये तो जपानमधल्या एका संग्रहालयात काम करत असताना वारला. त्याच्या चित्रांतले ठिपके आणि रेषा पाहताना सूर आठवतो असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला त्यांत कुळाची यादी म्हणणाऱ्याची ती न थकणारी पुनरुक्ती दिसते, जी हिस्लॉपच्या पानांतही आहे.

गडचिरोलीत इंद्रावतीच्या बाजूला, भामरागड-एटापल्लीच्या माडियांत, हे परधानांचं जग नाही. तिथे ढोल आहे, तरुणांचं गोटुल आहे, रेला नाच आहे. पण नदीपलीकडच्या बस्तरात मुरिया लोक लिंगोला गोटुलाचा संस्थापक आणि पहिला वादक मानतात; व्हेरिअर एल्विन यांच्या 1947 च्या मुरियांवरच्या ग्रंथात तो अठरा वाद्यं एकाच वेळी वाजवतो. अठरा! जंतूर एकट्यानं जे करतं त्याला तिथे अख्खा ताफा लागतो. मला हा बदल समजतो. परधानाचा लिंगो एका राक्षसापुढे वाजवत होता, मुरियांचा लिंगो रात्रभर नाचणाऱ्या पोरापोरींपुढे. श्रोता बदलला की आदिपुरुषाच्या हातातलं वाद्यही बदलतं.

आणि एक पाठ असा आहे की ज्यात हिस्लॉपच्या गाथेतली वाद्याची मर्यादा ओलांडली जाते. नागपूरचे गोंडी अभ्यासक मोतीरावण कंगाली यांनी मांडलेल्या कोया पुनेमच्या, म्हणजे गोंडी धर्माच्या, कथेत गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यातली कचारगड गुहा हीच ती कोंडलेली गुहा. तिथे माघ पौर्णिमेला आज मोठी जत्रा भरते. या कथेत बिंदो पक्षी नाही. पोरं आत कोंडलेली आहेत. लिंगो आणि गोंडांची देवी जंगो रायतार बाहेर आहेत. आणि त्यांच्याबरोबर हिरासुका पाटालीर आहे, किंगरी वाजवणारा. त्याच्या वादनानं आतल्या पोरांच्या अंगात बळ येतं, ती एकजुटीनं दगड ढकलतात, दगड सरकतो आणि गडगडत खाली येतो. खाली हिरासुका असतो. तो त्याखाली सापडून मरतो.

दोन्ही पाठ मी शेजारी ठेवून वाचतो. हिस्लॉपच्या गायकानं वादनाला विस्तव आणि बायका मिळवून दिल्या, आणि वादक मेला तो घरच्यांच्या हातून, वाद्याशी संबंध नसलेल्या कारणानं. कंगालींच्या कथेत वादन जमातीची सुटका करतं आणि वादक त्याच सुटकेखाली चिरडला जातो. पहिली कथा मला अधिक जवळची वाटते, कारण तिच्यात म्हातारा-म्हातारी नाचतात आणि मामाला भाच्याची माफी मागावी लागते. दुसरी अधिक मोठी आहे. तिच्यात सभेला उभं करायचं सामर्थ्य आहे, आणि कचारगडला लाखभर माणसं जमतात ती काही विस्तवाची गोष्ट ऐकायला नव्हे. पण जिवती तालुक्याच्या हद्दीवर, जंगुबाईच्या ठाण्यापाशी पुस महिन्यात महाराष्ट्र आणि तेलंगण अशा दोन्हीकडची कुळं उतरतात, चुली पेटतात, आणि एखादा परधान अजून किकरी काढतो, तेव्हा त्यानं कोणती गाथा धरावी असं कुणी मला विचारलं, तर मी रिकाड गवाडीची फर्माईश करेन.